सालामान्कात दहा दिवस झाले, स्पॅनिश समजतंय पण तोंडातून निघतच नाहीये

चिमणपाखरू:
नमस्कार मंडळी, इथे खूप दिवस नुसतं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. मी चार आठवड्यांच्या समर कोर्ससाठी स्पेनमध्ये सालामान्काला आलेय, अख्खा जुलै इथेच आहे. येण्याआधी दीड वर्ष क्लास केला होता, ए टू, म्हणजे दुसरी लेव्हल, पूर्ण झाली होती, मार्कही छान पडले होते. इथे पहिल्या दिवशी प्लेसमेंट टेस्ट झाली, लेखी पेपर चांगला गेला म्हणून मला त्याच्या पुढच्या बी वनच्या वर्गात बसवलं आणि तिथून सगळं बिनसलंय.

रोज सकाळी ९ ते १ क्लास असतो. बाई शिकवतात ते मला कळतं, फळ्यावरचं कळतं, व्यायाम बरोबर येतात. पण "तुला काय वाटतं, सांग" म्हटलं की माझी पाटी कोरी. वर्गात बाकीचे बहुतेक अमेरिका आणि जर्मनीतले आहेत, ते चुका करत करत का होईना पण बोलत सुटतात, माझं मनातल्या मनात वाक्य जुळवून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आणि ब्रेक झाला की सगळे इंग्रजीत, संध्याकाळी फिरायला जातो तेही इंग्रजीत, शनिवारी सेगोव्हियाला गेलो होतो तिथेही दिवसभर इंग्रजी. म्हणजे मी एवढ्या लांब येऊन माझं इंग्रजी सुधारतेय असं वाटायला लागलंय.

राहायला होमस्टे आहे. सेन्योरा साठीच्या पुढची असेल, एकटी राहते, मुलं माद्रिदला असतात. फार प्रेमळ आहे पण बोलते इतकी भराभर की पहिलं वाक्य कळेपर्यंत तिची चार झालेली असतात. इथे दुपारचं जेवण अडीच-तीनला आणि रात्रीचं दहाला, आणि जेवण झालं तरी ती उठत नाही, ताटं तशीच ठेवून बोलत बसते. मी "सी, सी" म्हणत मान हलवते आणि पाच मिनिटांनी अभ्यास आहे सांगून खोलीत निघून येते.

परवा रात्री माझ्या हातातून काचेचा ग्लास पडला आणि फुटला. मला एक वाक्य सुचलं नाही. मनात आधी इंग्रजी आलं, मग "रोम्पी एल बासो" असं काहीतरी जुळवलं, मग वाटलं हे तर मी मुद्दाम फोडल्यासारखं ऐकू येईल, आणि शेवटी नुसतं "पेर्दोन, पेर्दोन" करत उभी राहिले. ती म्हणाली "नो पासा नादा, इखा", काही नाही झालं मुली, आणि झाडू आणायला गेली. मी खोलीत येऊन रडले. ग्लासाचं काही नाही, पण आईबाबांनी एवढे पैसे घालून पाठवलंय आणि दीड वर्षाच्या अभ्यासानंतर मला "ग्लास पडला" एवढंही म्हणता येऊ नये याचं फार वाईट वाटलं.

अजून अठरा दिवस आहेत. कोणी असा कोर्स केला असेल तर प्लीज सांगा, हे सगळ्यांचंच होतं का, आणि उरलेल्या दिवसांत मी नक्की काय करू?

वाटसरू:
अगं रडू नकोस. मी २०१७ मध्ये याच गावात पाच आठवडे होतो आणि माझे पहिले दोन आठवडे अगदी असेच गेले. कान आधी उघडतात, तोंड मागून उघडतं. तुला बाई शिकवतात ते कळतंय म्हणजे अर्धं काम झालंय, खरंच.

पण एक गोष्ट तू चुकवतेयस असं वाटतं. तुझा खरा वर्ग सकाळी ९ ते १ नाहीये, तो रात्री साडेदहाला जेवणाच्या टेबलावर भरतो आणि तू रोज पाच मिनिटांत तिथून उठून जातेयस. जेवण झाल्यावर ताटं न उचलता बोलत बसण्याला तिथे नाव आहे, सोब्रेमेसा. तुझी सेन्योरा फक्त तुझ्यासाठी बसत नाही, तिथे घराघरांत बसतात, पण ती मुलं लांब गेलेली बाई आहे आणि तू समोर बसलीस तर तिलाही ते हवंच असणार. तुला बोलता आलं पाहिजे अशी अट नाही, तू फक्त बस. तीन दिवस नुसतं ऐक आणि मध्ये मध्ये एवढंच विचार, "ई देस्पुएस?", म्हणजे मग पुढे काय झालं. एवढ्या दोन शब्दांवर माझ्या घरच्या आजोबांनी मला तासतासभर गोष्टी सांगितल्यात. भराभर बोलली तर "मास देस्पाथियो, पोर फावोर", म्हणजे जरा हळू प्लीज, असं म्हण, त्यात लाजायचं काही नाही, दोन मिनिटांनी ती परत वेग पकडेल, तू परत सांग.

आता इंग्रजीचं. हा सगळ्या समर कोर्सचा मोठा रोग आहे आणि कोणी मुद्दाम करत नाही, दमलेली माणसं सोप्या भाषेकडे जातात. मी एका जर्मन मुलाशी ठरवून टाकलं होतं, दुपारच्या जेवणापर्यंत दोघांनी फक्त स्पॅनिश, मग काहीही. पूर्ण दिवसाचं ठरवलं असतं तर दुसऱ्या दिवशी मोडलं असतं. सगळ्या ग्रुपला बदलायला जाऊ नकोस, एक माणूस शोध. आणि शनिवारी एखादी ट्रिप सोडून दे, काही बिघडत नाही.

भाषा एक्स्चेंजसाठी तिथली मुलं शोधत असशील तर एक सांगतो, सालामान्का विद्यार्थ्यांचं गाव आहे, १२१८ पासून युनिव्हर्सिटी आहे तिथे, पण जुलैत ती मुलं आपापल्या घरी गेलेली असतात. म्हणून इंतेरकांबियोला, म्हणजे त्या एक्स्चेंजला, पार्टनर मिळत नाही आणि आपल्याला वाटतं आपलंच काही चुकतंय. गावात उरतात ती म्हातारी माणसं, आणि त्यांच्याइतका वेळ कोणाकडेच नसतो! प्लाथा मायोरमध्ये, म्हणजे गावच्या मोठ्या चौकात, ऊन उतरलं की बाकांवर येऊन बसतात, नऊ-साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो (स्पेनचं घड्याळ १९४० पासून मध्य युरोपच्या वेळेवर आहे, म्हणून सूर्य इतका उशिरा मावळतो). तू जाऊन विचार की युनिव्हर्सिटीच्या दर्शनी भिंतीवरचा बेडूक कुठे आहे ते सापडत नाहीये. तो कवटीवर बसलाय, सगळे पर्यटक शोधत असतात, आणि तिथल्या माणसाला त्याबद्दल सांगायला फार आवडतं. मग म्हण की कॅथेड्रलवर अंतराळवीर कोरलाय म्हणे, तो कसा काय. तो १९९२ च्या डागडुजीच्या वेळी कोरलाय, पण तू माहीत नसल्यासारखं विचार. उत्तर ऐकताना पंधरा मिनिटं जातात आणि तुला एकच प्रश्न पाठ करावा लागतो.

तसंच प्लाथा मायोरच्या शेजारच्या मेर्कादो सेंत्रालमध्ये, म्हणजे मंडईत जा. फळांच्या दुकानापुढे रांग दिसत नाही, सगळे इकडेतिकडे उभे असतात. तिथे पोचलं की विचारायचं, "किएन एस एल ऊल्तिमो?", शेवटचं कोण. कोणीतरी "यो" म्हणतं आणि तुझा नंबर लागतो. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मला त्या गावात राहतोय असं वाटलं होतं, तोपर्यंत नुसता आलेलो होतो.

शब्दवेडी:
मी स्पॅनिश शिकवते, त्यामुळे ग्लासाची गोष्ट वाचून राहवलं नाही. तुला "रोम्पी एल बासो" खटकलं ना, हे फार चांगलं लक्षण आहे, तुझा कान बरोबर सांगत होता. तुझी अडचण अशी की तू मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जातेयस. मधलं स्टेशन काढून टाक.

आपण घरी काय म्हणतो? "माझ्या हातून ग्लास पडला." मी पाडला असं म्हणत नाही. स्पॅनिशमध्ये नेमकं असंच आहे, "से मे आ काईदो एल बासो". ग्लास पडला, आणि तो "मे" म्हणजे माझ्या हातून. कर्ता ग्लास आहे, क्रियापद ग्लासाप्रमाणे चालतं. इंग्रजीत ही सोय नाही म्हणून तुला "मी फोडला" वर यावं लागलं. किल्ली हरवली, डबा विसरला, सगळं याच साच्यात, "से मे आन पेर्दिदो लास याबेस", किल्ल्या अनेक म्हणून "आन".

असं बरंच आहे. "मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात", बघ, आवडतो-आवडतात हे आंब्याप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. "मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस". तुझ्या वर्गातल्या अमेरिकन मुलांना हे कळायला महिनाभर लागतो, तुला ते दुधाबरोबर मिळालंय. "मी पूल पाहिला" पण "मी बाईंना पाहिलं", माणूस आला की आपण ला-ना लावतो, स्पॅनिशमध्ये तिथेच "आ" येतो, "बी एल पुएन्ते" आणि "बी आ ला प्रोफेसोरा". आणि भूतकाळात सगळे अडकतात ते दोन काळ, "काल गेले" म्हणजे "फुई", "लहानपणी जायचे" म्हणजे "इबा". जायचे, खायचे, बसायचे असं मनात आलं की डोळे मिटून इम्पेर्फेक्तो, म्हणजे हा "इबा"वाला काळ, वापर, बहुतेक वेळा बरोबर येईल.

उच्चाराचंही तसंच. त आणि द आपल्याच दातावरचे आहेत, ट-ड नको. "पेरो" म्हणजे पण आणि "पेर्रो" म्हणजे कुत्रा, आणि तो र्र तू "भुर्रकन" म्हणतेस तोच आहे.

सेर आणि एस्तार, म्हणजे "असणे"ची दोन क्रियापदं, मात्र मराठीच्या भरवशावर सोडू नकोस. "बर्फ थंड असतं, पाणी थंड आहे" इथपर्यंत जुळल्यासारखं वाटतं पण "मी विद्यार्थिनी आहे" ला सेर लागतं, म्हणजे आपलं असतं-आहे तिथे पुरत नाही. ते वाक्यं ऐकून ऐकूनच बसेल.

आणि अजून एक, दुकानात किंवा कॅफेत "मला कॉफी मिळू शकेल का" असलं काही बनवत बसू नकोस. आपण टपरीवर "एक चहा द्या" म्हणतो त्यात उद्धटपणा नसतो, तिथेही नाही. "मे पोनेस ऊन काफे कोन लेचे?" किंवा नुसतं "पोनमे ऊन काफे", वर हसून "ग्राथियास" म्हटलं की झालं. इंग्रजी सभ्यता स्पॅनिशमध्ये घालायला गेलं की वाक्य लांबतं आणि आपणच त्यात हरवतो.

एक सांग, तू सेन्योराला "उस्तेद", म्हणजे आपलं "तुम्ही", म्हणतेस का? म्हणत असशील तर "तू" वर ये. स्पेनमध्ये घरातल्या मोठ्या माणसांनाही सर्रास "तू" चालतं, तीच तुला "इखा" म्हणजे मुली म्हणतेय. आपणही आईला आणि आजीला तूच म्हणतो की.

सह्यवेडा:
माझं मत जरा वेगळं आहे. मंडळी टेबलावर बस, बाकावर बस सांगतायत ते ठीक, पण मूळ घोळ वर्गाचा आहे. लेखी चांगलं आणि बोलणं कच्चं हे आपल्याकडच्या मुलांचं नेहमीचं आहे आणि लेखी टेस्टवर वर्ग ठरवला की असंच होणार. ऑफिसात जाऊन ए टूच्या वरच्या वर्गात बदलून घे, पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक ठिकाणी बदलून देतात. माझ्या बहिणीने दुसऱ्या एका देशात फ्रेंचसाठी हेच केलं, खालच्या वर्गात गेली आणि तिसऱ्या दिवशी बोलायला लागली कारण तिथे व्याकरण आधीच येत होतं, डोकं बोलण्यासाठी मोकळं होतं.

शब्दवेडी:
सह्यवेडा, तत्त्वतः पटतं, पण अठरा दिवस उरले असताना बदलू नये असं मला वाटतं. नवा वर्ग, नवी माणसं, चार दिवस परत बुजण्यात जातील. त्यापेक्षा बाईंशी क्लासनंतर बोल, सांग की मला विचार करायला वेळ लागतो, मला शेवटी विचारा. चांगली शिक्षिका हे लगेच करते. पण शेवटी तिथे बसलेली तू आहेस, रोज सकाळी जायची इच्छाच होत नसेल तर बदल.

निळंआकाश:
थोडं अवांतर, माफ करा. मलाही पुढच्या वर्षी असाच चार आठवड्यांचा कोर्स करायचाय. व्हिसा कुठला लागतो? स्टुडंट व्हिसा का? आणि मी शाकाहारी आहे, होमस्टेमध्ये निभेल का?

वाटसरू:
चार आठवड्यांसाठी साधा शेंगेन शॉर्ट स्टे व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) पुरतो, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. त्याच्यापुढे गेलं तर स्टुडंटचा नॅशनल व्हिसा, त्याचे कागद वेगळे आणि वेळही जास्त. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून तू मार्च-एप्रिलमध्येच हात घाल. भारतात स्पेनचे अर्ज बीएलएस नावाची एजन्सी घेते. कोर्सचं प्रवेशपत्र, राहण्याचं पत्र, बँकेचे कागद आणि किमान ३०,००० युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो झालीये, सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा.

शाकाहारी निभतं, पण "कार्ने (मांस) नाही" एवढं सांगून भागत नाही. तिथे कार्ने म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यापुढे मोठा तुकडा येतो, मग भाजीत बारीक हॅम आणि सॅलडमध्ये ट्यूना येतोच. मसूरची आमटीसुद्धा चोरिथोबरोबर, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजबरोबर, शिजवतात. "नो कोमो नी कार्ने, नी खामोन, नी पेस्कादो", मी मांस, हॅम, मासे काहीच खात नाही, असं एकेक नाव घेऊन सांग, आणि फॉर्म भरतानाच लिहून दे, आयत्या वेळी सांगितलं तर त्या बाईची पंचाईत होते. तोर्तिया दे पातातास म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, अंडं खात असशील तर त्याच्यावर महिना सहज निघतो. गाथपाचो, म्हणजे टोमॅटोचं थंड सूप, तर उन्हाळ्यात घरोघरी असतं.

निळंआकाश:
खूप आभार, हे फॉर्मचं माहीतच नव्हतं. परत आल्यावर लगेच स्पॅनिशची परीक्षा द्यायची तर देले द्यावी का सिएले?

शब्दवेडी:
देलेचं सर्टिफिकेट कायमचं असतं, पण ठरावीक तारखांनाच होते आणि एकाच लेव्हलची देता येते. सिएले कॉम्प्युटरवर असते, वर्षभर देता येते, मार्कांवरून लेव्हल ठरते, पाच वर्षं चालते. नुसतं स्वतःला कुठवर आलो ते बघायचं असेल तर सिएले बरी. पण आधी जाऊन ये.

चिमणपाखरू:
उशिरा लिहितेय, सॉरी. परवा परत निघायचंय. सगळ्यांचे प्रतिसाद मी इतक्यांदा वाचलेत की पाठ झालेत.

वर्ग बदलला नाही. बाईंशी बोलले, त्यांनी खरंच मला शेवटी विचारायला सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीच मध्ये बोलले, त्या काही म्हणाल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघून थांबल्या आणि माझं पूर्ण होऊ दिलं. जपानी मुलगी आहे वर्गात, तीही माझ्यासारखीच गप्प होती, तिच्याशी दुपारपर्यंत स्पॅनिशचं ठरवलं. आम्हा दोघींनाही धड येईल अशी स्पॅनिशशिवाय दुसरी भाषाच नाही त्यामुळे ते मोडलंच नाही, उलट संध्याकाळी पण तेच चालू राहिलं.

बेडूक विचारला. बाकावर दोन आजोबा होते, त्यांच्यात तो नक्की उजवीकडे आहे की डावीकडे यावरून वाद झाला आणि मग ते दोघं उठून मला दाखवायलाच आले, काठी टेकत टेकत. वाटेत एकाने सांगितलं की स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण याच गावात १४९२ साली छापलं, आणि म्हणाला तुला त्रास होतोय तो सगळा त्या व्याकरणामुळे. मला ते सगळं कळलं, शब्दन् शब्द, आणि मी हसले तेव्हाच लक्षात आलं की मनात भाषांतर केलंच नव्हतं.

पण खरं सांगायचंय ते टेबलाचं. पहिले तीन दिवस नुसती बसले, "ई देस्पुएस" म्हणत. ती तिच्या लहानपणच्या गावाचं सांगत होती, उन्हाळ्यात खळ्यावर झोपायचे, वारा सुटला की मध्यरात्री उठून धान्य उफणायचे. खळं, उफणणं याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात मला माहीत नव्हतं पण तिने हातांनी दाखवलं आणि मला माझ्या आजीच्या गोष्टीतलं सगळं डोळ्यापुढे आलं. मग मी बोलले. आजी काय करायची, आम्ही सुट्टीत तिच्याकडे कसे जायचो, ओट्यावर कसे झोपायचो, सगळं जायचो-यायचो, म्हणजे सगळं इम्पेर्फेक्तो, शब्दवेडी ताई, तुमची आठवण येत होती प्रत्येक क्रियापदाला. दीड तास झाला होता. चुका किती झाल्या माहीत नाही, तिने एकदाच थांबवलं, मी "उस्तेद" म्हटलं तेव्हा. म्हणाली तुझ्या आजीला पण असंच म्हणतेस का?

काल मी तिच्यासाठी मेर्कादोमधून एक ग्लास आणला, फुटलेल्यासारखाच, शोधायला तीन दुकानं लागली आणि तिन्ही ठिकाणी मी सगळी कथा सांगितली, माझ्या हातून कसा पडला ते. "से मे काइयो". तिने तो कपाटात न ठेवता लगेच धुवून टेबलावर मांडला.

सामान भरायचं बाकी आहे. निळंआकाश, तुला घराबद्दल काही विचारायचं असेल तर विचार, मी लिहीन. आत्ता बाहेरून हाक आलीये, "इखा, आ थेनार!", म्हणजे जेवायला चल, पावणेदहा झालेत.